पट्ट्यांवरची मींड



कोणत्याहि वाद्याचा इतिहास चाळूं लागलों म्हणजे असें आढळून येतें कीं, त्या वाद्याला काय साधतें यापेक्षां त्याला काय साधत नाहीं, यावरच त्याचें दैव पुष्कळदां ठरलेलें असतें. आपल्या बाजाच्या पेटीचें उदाहरण घ्या. भात्यांत वारा आहे तोंवर पेटीचा सूर टिकतो, गवयाच्या तानेमागें ती धांवूं शकते, नाटकगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत तिचा आवाज पोंचतो. गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतानें तिला मैफलींत मानाचें स्थान मिळवून दिलें. असें असूनहि १९४० च्या मार्चपासून सुमारें तीस वर्षें ऑल इंडिया रेडिओनें तिला दाराबाहेर उभें केलें होतें. तिच्यावर मुख्य आरोप दोन होते. तिचे सूर पाश्चात्य मोजपट्टीवर कायमचे बांधलेले असतात हा एक, आणि एका सुरावरून दुसऱ्या सुरावर अलगद घसरत जाणारी मींड तिला काढतां येत नाहीं हा दुसरा. एक पट्टी दाबली कीं षड्ज, दुसरी दाबली कीं ऋषभ. त्या दोहोंमधील वाट पेटीला ठाऊक नाहीं.

ही उणीव एकट्या पेटीची नव्हे. पियानो घ्या, ऑर्गन घ्या, पट्ट्यांवर वाजणाऱ्या वाद्यांच्या साऱ्या कुळालाच हा शाप आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंत या शापाला एक उःशाप मिळाला. त्यांतून जॅझ संगीतांत एक नवाच आवाज जन्मास आला, दहाएक वर्षें गाजला, पुढें मागें पडला, आणि आज ठिकठिकाणचे वादक तो आपल्या नव्या कीबोर्डांवर पुन्हां उभा करूं पाहत आहेत. त्या आवाजाची जन्मकथा सांगणें, आणि तो पुन्हां उभा करतांना नेमकें काय हातीं लागावयास हवें याचा थोडा विचार करणें, हा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

जॅझ म्हणजे अमेरिकेंतील कृष्णवर्णीय समाजांत विसाव्या शतकाच्या प्रारंभीं आकारास आलेलें संगीत. ठरलेल्या सुरावटीच्या आधारानें वादकानें आयत्या वेळीं स्वतःच्या उपजेनें वाजवावें, हा त्याचा प्राण. आणि या एका बाबतींत तें आपल्या मैफलीच्या बरेंच जवळ येतें. १९६९ च्या ऑगस्टमध्यें ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांनीं 'बिचेस ब्रू' हें ध्वनिमुद्रण केलें व १९७० सालीं तें प्रसिद्ध झालें. त्यांत विजेची गिटार, विजेचा पियानो व रॉक संगीताची ठाशीव लय यांची जॅझच्या उपजेशीं सांगड घातलेली होती. या मिश्रणाला पुढें 'फ्यूजन' हें नांव रूढ झालें. माइल्स यांच्या सहवासांत वाढलेले वादक थोड्याच काळांत आपापलीं पथकें काढून बाहेर पडले. जो झाविनुल व वेन शॉर्टर हे 'वेदर रिपोर्ट'चे संस्थापक झाले. जॉन मॅक्लॉक्लिन यांनीं 'महाविष्णु ऑर्केस्ट्रा' उभा केला. चिक कोरिया यांनीं 'रिटर्न टु फॉरएव्हर' व हर्बी हॅन्कॉक यांनीं 'हेडहंटर्स' हें पथक जमविलें.

या नव्या पथकांत पियानोवाल्याची स्थिति मात्र मोठी अवघड होऊन बसली. शेजारीं विजेची गिटार. तिचा सूर ध्वनिवर्धकांतून गर्जना करीत बाहेर पडे, हवा तितका वेळ टिके, आणि वादकानें बोटानें तार ओढतांच रडे, ओरडे, विनवणी करी. पियानोचा सूर हातोडी तारेवर पडल्या क्षणापासून मावळूं लागतो, आणि एकदां उठला कीं वादकाची त्यावर सत्ता उरत नाहीं. ऑर्गनचा सूर टिकतो, पण तो वांकत नाहीं. संवादांत एकाला बोलतां यावें आणि दुसऱ्यानें नुसता हुंकार द्यावा, अशांतलाच हा प्रकार. पट्ट्यांवर बसलेल्या वादकाला गाणारा कंठ हवा होता, आणि ही गरज त्या काळीं फार तीव्र झालेली होती.

तो कंठ एका इंजिनियराच्या कारखान्यांतून आला. त्यांचें नांव रॉबर्ट मोग. आडनांवाचा उच्चार 'मोग' असा आहे. इंग्रजी अक्षरें पाहून कित्येक जण त्याचा मूग करतात, तो बरोबर नव्हे. १९३४ सालीं न्यूयॉर्कमध्यें जन्मलेल्या मोग यांनीं १९६४ सालीं संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सहकार्यानें विजेपासून सूर निर्माण करणारें एक यंत्र सिद्ध केलें. त्यामागील तत्त्व ऐकावयास सोपें आहे. सूर निर्माण करणाऱ्या भागाला विजेचा जितका दाब द्यावा तितका सूर उंच. दाब एक व्होल्टनें वाढविला कीं सूर बरोबर एक सप्तक वर जातो. पट्टी हें केवळ ठराविक दाब पाठविण्याचें साधन. आतां विजेच्या दाबाला मुळांत पायऱ्या नसतात. पाण्याची पातळी चढावी तसा तो कोणत्याहि दोन अंकांच्या मधून अखंड चढूं-उतरूं शकतो. म्हणजे या वाद्यांत मींड ही मागाहून चिकटविलेली गोष्ट नव्हती. ती त्याच्या स्वभावांतच होती, आणि पट्ट्यांनीं तिचे तुकडे पाडले होते. पट्टीशेजारीं हा दाब हातानें कमीजास्त करण्याची एखादी सोय केली कीं काम झालें.

मोग यांचीं पहिलीं यंत्रें कपाटाएवढीं होतीं, आणि एका भागांतून दुसऱ्या भागांत तारा खोंचल्याशिवाय त्यांतून सूर निघत नसे. वेंडी कार्लोस यांनीं १९६८ सालीं त्यांवर बाखच्या रचना वाजवून प्रसिद्ध केल्या, परंतु त्या एकेक सूरपंक्ति निरनिराळी मुद्रित करून फितीवर जुळविलेल्या होत्या. भर सभेंत उपज करणाऱ्या वादकाला असलें यंत्र निरुपयोगी. तेव्हां मोग यांच्याच कारखान्यांतील बिल हेमसाथ या इंजिनियरानें जेवणाच्या सुटींत, पडून राहिलेले भाग गोळा करून, एक आटोपशीर नमुना तयार केला. त्यावरून १९७० सालीं 'मिनिमोग' हें वाद्य बाजारांत आलें. त्याला ४४ पट्ट्या होत्या. सूर निर्माण करणारे तीन भाग होते. त्या तिघांचा एकवट आवाज ज्यांतून गाळून घ्यावयाचा तें मोग यांचें प्रसिद्ध फिल्टर होतें. ठरविलेल्या मर्यादेपलीकडील तीव्र ध्वनि तें दर सप्तकाला २४ डेसिबेल इतके झपाट्यानें कापून टाकी. आणि डाव्या हाताशीं दोन लहान चक्रें होतीं. एक सूर वरखालीं वांकविणारें, दुसरें त्याला कंप देणारें.

या वाद्याच्या उणीवाहि तितक्याच लक्षांत ठेवण्याजोग्या आहेत, कारण पुढील सारी कथा त्यांच्यावरच उभी आहे. मिनिमोगवर एका वेळीं एकच सूर वाजे. दोन पट्ट्या दाबल्या तर खालची बोले व वरची गप्प राही. पट्टी हळू दाबा कीं जोरानें दाबा, आवाजांत तिळमात्र फरक पडत नसे. पहिली पट्टी सोडण्यापूर्वीं दुसरी दाबली तर सुराचा नवा आघात होत नसे. चालू आवाज तसाच पुढच्या सुरावर सरके. थोडक्यांत, पियानोवादकानें आयुष्यभर कमावलेली स्पर्शाची सारी विद्या येथें व्यर्थ होती. भाव प्रकट करावयाचा तर तो डाव्या हातानें, त्या लहानशा चक्रावर.

ही गोष्ट सर्वांआधीं ज्यांनीं पूर्णपणें ओळखली त्यांत यान हॅमर यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. १९४८ सालीं प्राग येथें त्यांचा जन्म झाला. आई जॅझ गाणारी प्रसिद्ध गायिका. १९६८ सालीं सोव्हिएट रणगाडे चेकोस्लोव्हाकियांत शिरले, त्यानंतर त्यांनीं अमेरिकेचा रस्ता धरला. १९७१ सालीं ते महाविष्णु ऑर्केस्ट्रांत दाखल झाले. या पथकाचें नांव आपल्या कानांना ओळखीचें वाटतें. 'महाविष्णु' हें नामाभिधान मॅक्लॉक्लिन यांना त्यांचे गुरु श्रीचिन्मय यांनीं दिलेलें होतें. हिंदुस्थानी व कर्नाटक संगीताची मॅक्लॉक्लिन यांना मनापासून ओढ होती, आणि १९७५ च्या सुमारास मुंबईचे तबलावादक झाकीर हुसेन यांच्यासह त्यांनीं 'शक्ति' हें पथक उभें केलें तें या ओढीमुळेंच. महाविष्णु ऑर्केस्ट्रांत विषम मात्रांच्या तालांवर गिटार, व्हायोलिन व सिंथेसायझर यांचे सवालजबाब चालत. तारेचीं दोन वाद्यें आणि पट्ट्यांचें एक, असा हा सामना. १९७३ सालच्या 'बर्ड्स ऑफ फायर' या ध्वनिमुद्रणांत हॅमर यांचें मिनिमोग या सवालांना तोडीस तोड जबाब देतें.

हॅमर यांनीं गिटारचा नुसता आवाज उचलला नाहीं; गिटारवादकाची विचार करण्याची रीत उचलली. सूर लावतांच तो स्थिर ठेवावयाचा नाहीं, खालून चढवीत त्याच्या जागीं आणावयाचा, तेथें थोडा वेळ उभा करावयाचा, आणि मगच त्याला आंदोलन द्यावयाचें. हें आंदोलनहि यंत्राच्या ठराविक कंपानें न देतां डाव्या हातानें चक्र हलवून द्यावयाचें. १९७६ सालीं गिटारवादक जेफ बेक यांच्या 'वायर्ड' या ध्वनिमुद्रणांत हॅमर त्यांच्यासह वाजले. त्यांतील 'ब्ल्यू विंड' या हॅमर यांच्याच रचनेंत कोणता सूर तारेचा व कोणता पट्टीचा, हें ओळखतांना जाणत्या कानांचीहि फसगत होते. पुढें तर हॅमर व जॉर्ज ड्यूक हे दोघेहि, मिरवणुकींत पेटी गळ्यांत अडकवून वाजविणारे आपण पाहतों तसे, पट्ट्या गळ्यांत अडकवून उभ्यानें वाजवूं लागले. इतके दिवस जागेवर खिळून बसलेला वादक गिटारवाल्याच्या खांद्याला खांदा लावून रंगमंचाच्या पुढच्या कडेवर आला.

परंतु हा आवाज एकट्या मिनिमोगची मिरास नव्हती. ॲलन पर्लमन यांच्या 'आर्प' या कंपनीनें १९७१ सालीं 'आर्प २६००' व १९७२ सालीं 'ओडिसी' हीं वाद्यें काढलीं. ओडिसीवर दोन सूर एकदम निघत, आणि प्रत्येक नव्या पट्टीसरशीं आघात नव्यानें होई. म्हणून मिनिमोगची सुरावट जेथें एका श्वासांतील आलापासारखी वाटे, तेथें ओडिसीची सुरावट बोल मोजून म्हटल्यासारखी स्पष्ट ऐकूं येई. हॅन्कॉक यांच्या १९७३ सालच्या 'हेड हंटर्स' मधील 'कमीलियन' या रचनेचा खर्जांतील सुप्रसिद्ध मुखडा ओडिसीचाच आहे. जॉर्ज ड्यूक यांच्यावर लहानपणीं चर्चमधील गाण्याचे संस्कार झालेले होते, आणि त्यांच्या ओडिसींतून त्या गाण्यांतील हांक व हुंदका उमटे. पहिल्या ओडिसीवर चक्रहि नव्हतें. सूर वांकविण्यास एक साधी फिरकी होती, आणि ती बोटांच्या चिमटींत धरूनच ड्यूक हें सारें करीत. चिक कोरिया यांनीं मिनिमोग व ओडिसी हीं दोन्हीं वाद्यें हाताळलीं. त्यांचा सूर बांसरीसारखा मोकळा, चपळ आणि लहान लहान कणांनीं नटलेला असे. १९७६ सालचें 'रोमँटिक वॉरियर' त्याची साक्ष देईल.

सर्वांत विलक्षण गोष्ट झाविनुल यांची. ते १९३२ सालीं व्हिएन्ना येथें जन्मले व लहानपणीं अकॉर्डियन वाजवीत, म्हणजे भात्याच्या वाद्याशीं त्यांचें जुनें नातें. त्यांना बोटांच्या संवयीचें मोठें वावडें होतें. हात जेथें वळणीं पडला तेथें बुद्धि झोंपी जाते, हें त्यांनीं ओळखलें असावें. १९७६ सालच्या 'ब्लॅक मार्केट' या रचनेसाठीं त्यांनीं आर्प २६०० च्या पट्ट्या चक्क उलट्या जोडून घेतल्या. उजवीकडे जावें तों सूर उतरे व डावीकडे जावें तों चढे. बोटांना पाठ असलेली एकहि तान अशा पट्ट्यांवर सरळ उमटणें शक्य नव्हतें. त्यामुळें प्रत्येक सुरावट पुन्हां कानानें शोधावी लागली. पुढल्याच वर्षीं 'हेवी वेदर' मधील 'बर्डलँड' या रचनेनें वेदर रिपोर्टची कीर्ति जॅझच्या परिघाबाहेर नेली.

या वैभवाला उतरती कळा मात्र लवकरच लागली. १९८१ सालीं मिनिमोगचें उत्पादन थांबलें. त्याच वर्षीं आर्प कंपनीहि बुडाली. १९८३ सालीं यामाहा कंपनीचा 'डीएक्स ७' आला. तो अंकांच्या गणितावर चालणारा, एकदम सोळा सूर वाजविणारा, स्पर्शाचें बळ जाणणारा, आणि उन्हापावसांत सूर न सोडणारा होता. मिनिमोगचे सूर खोलींतील उष्णतेबरोबर ढळत. ते पुन्हां पुन्हां जुळवीत बसण्याचा ज्यांना कंटाळा आला होता त्यांना हें वरदानच वाटलें. जुनीं यंत्रें मिळेल त्या किंमतीस विकलीं गेलीं, कांहीं माळ्यावर पडलीं. जुन्या वाद्यांची खरी उणीव भासूं लागली ती नंतर. नव्वदीच्या अखेरीपासून संगणकांत त्यांच्या प्रतिकृति निघूं लागल्या. खुद्द मोग यांनीं २००२ सालीं मिनिमोगचा नवा अवतार काढला. २००५ सालीं ते निवर्तले. २०१५ सालीं कोर्ग कंपनीनें ओडिसी व २०१६ सालीं मोग कंपनीनें मूळ मिनिमोग पुन्हां बाजारांत आणलें.

आतां ज्याच्या घरीं आजचा साधा कीबोर्ड आहे, त्यानें हा आवाज कसा साधावा? बहुतेक कीबोर्डांत त्या काळच्या आवाजांचे तयार नमुने भरलेले असतात. बटण दाबलें कीं क्षणभर वाटतें, हाच तो. चार सूर वाजविले कीं मन म्हणतें, नव्हे. असें होण्याचें कारण आपण वर पाहिलेल्या उणीवांत आहे. आजचें वाद्य दोन पट्ट्यांना दोन सूर देतें, जोरानें दाबलें तर अधिक झगझगीत वाजतें, प्रत्येक सुराला नवा आघात करतें. हे सारे गुणच येथें शत्रु होतात.

म्हणून पहिलें काम जोडण्याचें नव्हे, काढून टाकण्याचें आहे. वाद्य एकसुरी करावें. पट्टी दाबण्याच्या जोराचा आवाजाशीं असलेला संबंध तोडून टाकावा. मिनिमोगची छटा हवी असेल तर एकाला एक लागून वाजविलेल्या सुरांना नवा आघात होऊं देऊं नये. ओडिसीची हवी असेल तर तो होऊं द्यावा. करवतीच्या दातांसारखी लहर देणारे दोन सूरजनक घेऊन त्यांतील एक किंचित् उतरवावा, म्हणजे त्यांच्या घासण्यांतून आवाजाला जिवंतपणा येतो. अधिक पोकळ, सनईच्या जातीचा आवाज हवा असल्यास चौकोनी लहर घ्यावी. फिल्टर अर्धेंमुर्धें मिटावें. एका सुरावरून दुसऱ्यावर सरकण्याचा वेळ अगदीं थोडा ठेवावा; तो वाढला कीं मींडेची घसरगुंडी होते. शेवटीं गिटारच्या ध्वनिवर्धकाची थोडी खरखर द्यावी, एखादा लहानसा प्रतिध्वनि द्यावा, आणि देवळाच्या गाभाऱ्यासारखा घुमारा मात्र टाळावा.

चक्राविषयीं दोन शब्द वेगळे सांगितले पाहिजेत. आजच्या पुष्कळ कीबोर्डांवरील चक्र सोडतांच स्प्रिंगच्या जोरानें मध्यावर परततें; कांहींवर चक्राच्या जागीं आडवी हलणारी कांडी असते. मिनिमोगच्या चक्राला स्प्रिंग नव्हती. तें जेथें ठेवावें तेथें राही, आणि परत आणण्याची जबाबदारी वादकाची असे. स्प्रिंगवाल्या चक्रावर मींड चढतांना हाताला विरोध होतो व उतरतांना ती घाईनें कोसळते. तेव्हां तें बोटानें धरून, सावकाश परत आणण्याचा सराव करावा लागतो. चक्रानें सूर किती अंतर वांकावा हें बहुधा ठरवितां येतें. हें अंतर आपल्या हाताला मानवेल तें घ्यावें, पण एकदां ठरविलें म्हणजे बदलूं नये. तें बदललें कीं हातानें शिकलेलें सारें पुसलें जातें. त्याचप्रमाणें, पुष्कळ वाद्यें फिल्टर उघडण्यामिटण्याच्या क्रियेचे केवळ १२८ टप्पे करतात. फिल्टर हळूहळू उघडलें तर अशा वाद्यांत त्या पायऱ्या कानाला टोंचतात. अशा वाद्यावर ती क्रिया कमी करावी आणि चक्रावरच भर द्यावा.

इतकें सारें केल्यावर जो आवाज निघेल तो मूळच्या पुष्कळ जवळ जाईल, आणि तरीहि त्यांत हॅमर दिसणार नाहींत, ड्यूक दिसणार नाहींत. प्रत्येकानें त्याच जातीच्या यंत्रांतून इतका निराळा कंठ काढला तो कशाच्या बळावर? हॅमर यांनीं गिटारवादकासारखा विचार केला, ड्यूक यांनीं गाणाऱ्यासारखा, आणि झाविनुल यांनीं तर पट्ट्या उलट्या करून स्वतःच्या हाताला अज्ञानी बनविलें. तिघांनींहि प्रथम आपल्या अंतःकरणांत एक गाणें ऐकलें आणि मग यंत्राकडून तें वदवून घेतलें. जुने आवाज हुबेहूब उभे करण्याच्या आजच्या खटाटोपांत यंत्राच्या अंतरंगाचा शोध अतिशय बारकाईनें घेतला जातो, आणि तो घेतला जावा. परंतु ज्या वादकांचे आवाज आपण शोधतों त्यांनीं स्वतः कोणाचाहि आवाज हुबेहूब उभा केलेला नव्हता, हेंहि ध्यानांत असावें. डाव्या हाताच्या सरावाचे तास ज्याचे त्यानेंच भरले पाहिजेत. ते कोणत्याहि नमुन्यांत साठवून मिळत नाहींत.

ज्या श्रोत्यांना या विषयाची गोडी वाटेल त्यांनीं 'बर्ड्स ऑफ फायर', 'हेड हंटर्स', 'रोमँटिक वॉरियर' आणि 'ब्लॅक मार्केट' हीं चार ध्वनिमुद्रणें या क्रमानें ऐकावीं. ऐकतांना उजव्या हाताच्या तानांकडे थोडें दुर्लक्ष करून, लांबलेल्या प्रत्येक सुराच्या शेवटीं काय घडतें तिकडे कान द्यावा. ज्यांच्या घरीं कीबोर्ड आहे त्यांनीं त्यानंतर एकच सूर लावून तो वरच्या सुरापर्यंत चक्रानें नेण्याचा प्रयत्न करून पाहावा. तंबोऱ्याच्या साथीनें केल्यास अधिक बरें, कारण सूर कोठें पोंचला पाहिजे याची खूण तंबोरा चुकूं देत नाहीं. पंधरा दिवसांत हाताला अंतर कळूं लागतें. इतकें सुचवून मी आपली रजा घेतों.